गोंड्याचे धागे पुन्हा पुन्हा गळतात? आधी गळलेला धागा मोजा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतले एक नाना दारात उभे. एका हातात गोंडा, म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत राणी आणि पिवळ्या धाग्यांचा चोथा. "काय वं ताई, तुन्हा गोंडा त अर्धा वाटमाच गळी ग्या!" बैल घरापासून मारुतीच्या पारापर्यंत जाऊन परत आला होता, एवढंच. ना पळापळ, ना पाऊस.

मी अमळनेरला शिवणकाम करते. लग्नसराईत ब्लाउजची लटकनं, अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी झोक्याचे आणि तोरणांचे गोंडे, श्रावण लागला की बैलांचे. गोंडा करणं हे काही मोठं शास्त्र नाही. पुठ्ठ्यावर दोरा गुंडाळा, वर बांधा, खाली कापा, मान आवळा, झालं. पण याच सोप्या कामाची तक्रार वर्षानुवर्षं तीच असायची: धागे गळतात. मी दर वेळी दोऱ्याला दोष द्यायची. "हल्ली दोरा चांगला येत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की दुकानदारही मला तेच ऐकवायला लागला.

नानांनी मुठीतला चोथा ओट्यावर टाकला म्हणून बरं झालं. झाडून टाकण्याआधी एक धागा सहज सरळ करून पाहिला. गोंडा मी नऊ सेंटिमीटरचा केला होता आणि धागा भरला अठरा. दुसरा उचलला, तोही अठरा. मधोमध दुमडल्याची खूण तशीच. म्हणजे धागा तुटला नव्हताच, अख्खाच्या अख्खा निसटून आला होता. मग दोऱ्याचा काय दोष? बांधणारीचा.

तेव्हापासून गळलेला धागा मी फेकत नाही, आधी पट्टीला लावते. गोंड्याचा आजार त्या लांबीवरून नव्वद टक्के कळतो.

धागा गोंड्याच्या दुप्पट भरला तर

गोंड्यातला प्रत्येक धागा डोक्यावरून दुमडलेला असतो, त्याचे दोन पाय खाली लोंबतात. डोक्यातल्या घडीतून लूपची, म्हणजे गोंडा टांगायची, दोरी जाते आणि त्याखाली मान आवळलेली असते. धागा या दोन ठिकाणी धरलेला असतो. दुप्पट लांबीचा धागा सुटला, याचा अर्थ दोन्ही पकडी ढिल्या आहेत. एक पाय कशात तरी अडकला, ओढला गेला, तसा दुसरा पाय मानेतून वर सरकला, डोक्यावरून फिरला आणि बाहेर पडला.

हे एका झटक्यात होत नाही. आधी खाली एखादा धागा बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब लोंबताना दिसतो. आपल्याला वाटतं कापायचा राहिला असेल, म्हणून आपण कात्री घेऊन तो बरोबर करतो. मीही तेच करायची. पण तो कापायचा राहिलेला नसतो, निघालेला असतो. त्याचा दुसरा पाय तेवढाच वर चढलेला असतो. लांब पाय कापला की धागा आखूड होतो आणि पुढच्या ओढीला आणखी लवकर सुटतो. म्हणून लांब धागा दिसला की कात्री नाही, आधी मान तपासायची.

मान तपासायची कशी? झालरीतला मधला एकच धागा चिमटीत धरा आणि खाली ओढा. बाहेरचा नको, मधला. बाहेरचे धागे मानेच्या दोऱ्याला घासून असतात, ते धरलेलेच राहतात. मधला सरकला तर मान नापास. दुसरी परीक्षा: अंगठा आणि तर्जनीत मानेचे वेढे धरून बांगडीसारखे फिरवून पाहा. फिरले तर ती मान नाही, नुसता दागिना आहे.

मान ढिली का राहते

सगळ्यात मोठं कारण मला फार उशिरा कळलं. आम्ही मान आवळताना पहिले चार-पाच वेढे अंदाजाने घेतो, कारण जुडी हातात डुचमळत असते. मग पकड आली की त्यावरूनच दुसरा थर कचकचून घेतो आणि वाटतं, झाली घट्ट. पण धाग्यांची जुडी म्हणजे लाकूड नाही, ती दबते. वरच्या थराने जुडी दबली की खालचा थर आपोआप सैल पडतो. बाहेरून मान दगडासारखी दिसते आणि आत पहिला थर सैल अंगठीसारखा असतो. त्यावरचा थर किती दिवस एकटा धरणार?

म्हणून पहिला वेढा सगळ्यात घट्ट, आणि थर एकच. वेढ्याला वेढा लागून, बाजूबाजूला. बारा ते पंधरा वेढे पुरतात. त्यापुढचे शोभेचे.

पहिला वेढा घट्ट बसायला जुडी स्थिर हवी. मी लूपची दोरी शिलाई मशीनच्या दोऱ्याच्या दांडीला अडकवते आणि जुडी खाली ताणून धरते. घरात मशीन नसेल तर दाराची कडी, खिडकीचा गज, काहीही चालतं. दोन्ही हात मोकळे झाल्याशिवाय मान घट्ट बसत नाही. हे लिहायला किरकोळ वाटतंय, पण माझी निम्मी दुरुस्ती इथेच झाली.

आता वेढे घ्यायची पद्धत. मी आधी काय करायची? वेढे घ्यायचे आणि शेवटी दोन टोकांची गाठ मारायची. ती गाठ मानेवर फुगते, तिला काही ना काही अडकतं, आणि ती सुटली की पंधराच्या पंधरा वेढे उलगडतात. त्यापेक्षा गाठ नसलेली मान करा:

साठ सेंटिमीटर सुती दोरा घ्या. एका टोकाजवळ तो दुमडून पाच सेंटिमीटरचा लांबट फासा करा आणि तो मानेवर उभा ठेवा. फाशाचं वळण डोक्याकडे, मोकळं आखूड टोक खाली झालरीकडे लोंबतं. हा फासा डाव्या अंगठ्याने दाबून धरा आणि लांब टोकाने खालून वर, फाशासकट, वेढे घेत चला. फाशाचं वळण मात्र वर थोडं उघडं राहायला हवं. शेवटच्या वेढ्यानंतर लांब टोक त्या उघड्या वळणातून ओवा. आता खालचं आखूड टोक हळूहळू ओढा. वरचं वळण मिटत मिटत वेढ्यांच्या आत शिरतं आणि ओवलेलं टोक सोबत घेऊन जातं. ते बरोबर अर्ध्या मानेपर्यंत गेलं की थांबा. अजून ओढलं तर खालून बाहेर येतं आणि सगळं पहिल्यापासून. दोन्ही टोकं वेढ्यांना चिकटून कापा. बाहेर गाठ नाही, सुटायला टोक नाही.

पहिल्या दोन-चार वेळा वळण आत ओढताना दोरा तुटेल. याची कारणं दोन. दोरा कच्चा असेल, किंवा तो खरखरीत असेल. दोऱ्याला आधी मेण लावून घ्या, मधमाशीचं असलं तर उत्तम, नाहीतर साधी मेणबत्ती. मेणाने दोरा आत सरकतोही नीट आणि वेढे एकमेकांना धरूनही राहतात.

आणि मानेसाठी सुती दोराच. जरी, रेयॉन, नायलॉन यांची मान दिसते सुंदर, पण हे दोरे गुळगुळीत असतात. गिऱ्हाइकाला जरीची मान हवी असेल तर आत सुती मान पक्की करा आणि तिच्यावर जरी शोभेला गुंडाळा. दोन थरांचा तोटा वर सांगितला तो इथे लागत नाही का? लागतो, जरी फार आवळली तर. ती अलगदच घ्यायची, भार तिच्यावर नाहीच.

धागा गोंड्याएवढाच भरला तर

म्हणजे नऊचा गोंडा आणि नऊचाच धागा. असे एक-दोनच गळले असतील तर घाबरू नका. पुठ्ठ्यावर दोरा गुंडाळायला सुरुवात वरच्या कडेपासून केली की पहिलं टोक घडीतच राहतं. त्याला एकच पाय असतो, लूपच्या दोरीवरून तो जातच नाही. शेवटचं टोक वर संपलं तर तेही तसंच. उपाय एका ओळीचा: सुरुवात आणि शेवट दोन्ही पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला, जिथे कापायचं आहे तिथे.

पण असे अर्धे धागे मूठभर निघत असतील तर डोक्यातली घडी कापली जातेय. तिथे बघा. लूपला नायलॉनची बारीक दोरी किंवा तार वापरली असेल तर ती करवतीसारखी चालते, विशेषतः सतत हलणाऱ्या गोंड्यात. बैलाची मान आणि झोका, दोन्ही कधी स्थिर नसतात. पितळी कडी वापरली असेल तर तिचा जोड बोटाने चाचपा. बहुतेक कड्यांचा जोड पूर्ण मिटलेला नसतो, त्याची धार धाग्यावर घासते. पक्कडने जोड मिटवा आणि तो कडी जिथे अडकते त्या बाजूला फिरवा. मग कडी आणि धागे यांच्यामध्ये सुती दोऱ्याचं लूप घ्या, धाग्यांना थेट धातू लावू नका.

मागच्या जानेवारीत हळदीच्या ब्लाउजची लटकनं अशीच परत आली होती. नवरीची आई फार काही बोलली नाही, पण पिवळे धागे हिरव्या शालूवर कसे दिसत होते ते तिने मोबाइलवर दाखवलं. फोटो मोठा करून दाखवला. दोन्ही लटकनांच्या कड्यांचा जोड उघडा होता.

लूपसकट गोंडाच पडला तर

मग मोजायचं काही नाही, गाठ बघायची. आपण घाईत दोन गाठी मारतो त्या एकाच दिशेने. उजवं टोक डाव्यावर, पुन्हा उजवं डाव्यावर. ही गाठ दिसायला पक्की असते आणि ओढ आली की हळूहळू घरंगळते. पहिल्यांदा उजवं डाव्यावर घेतलं तर दुसऱ्यांदा डावं उजव्यावर घ्यायचं. बरोबर बसलेल्या गाठीत दोन्ही टोकं आपापल्या दोऱ्याला समांतर, चिकटून पडतात. चुकलेल्या गाठीत ती आडवी बाहेर येतात. बघितलं की कळतं, सवय फक्त बघायची लावायला हवी.

गुळगुळीत दोऱ्याला हीसुद्धा पुरत नाही. पहिल्या फेऱ्यात टोक एकदा ओवतो तिथे दोनदा ओवा. दुहेरी पीळ पडला की दुसरा फेरा घेईपर्यंत पहिला सैल होत नाही. सोडायची असेल तिथे सुरगाठ आणि राहायची असेल तिथे निरगाठ, हे आमच्या सासूबाई गुराच्या दाव्यावरून शिकवायच्या. पण निरगाठही उलटसुलट बसली तरच निरगाठ.

श्रावणात घट्ट, वैशाखात ढिली

ही तक्रार मला सगळ्यात जास्त छळून गेली, कारण त्यात माझी चूकच दिसत नव्हती. श्रावणात केलेलं तोरण, मान स्वतः ओढून पाहिलेली, आणि अखजीला पाहावं तर वेढे बांगडीसारखे फिरतात. कोणी हात लावला नव्हता, तोरण खोलीत खिळ्याला होतं.

सूत हवेतलं पाणी धरतं. साधारण दमट हवेत सुती धाग्यात त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, रेयॉनमध्ये अकरा ते तेरा टक्के, आणि पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. पाणी धरलेला धागा फुगतो, सुकला की बारीक होतो. श्रावणात आमच्याकडे वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, तेव्हा बांधलेली जुडी ही फुगलेली जुडी. पुढे वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखालची खोली तापते, जुडी वाळून बारीक होते आणि मानेचे वेढे होते तिथेच राहतात. फट पडणारच. रेयॉनच्या गोंड्यात ती जास्त पडते.

आता पावसाळ्यात मी दोऱ्याच्या लडी आधी कोरड्या करते. ऊन पडलं तर ओट्यावर सावलीच्या कडेला, नसेल तर पंख्याखाली रात्रभर. कोणी म्हणतं गरम तव्याजवळ ठेवा. मी ठेवलं होतं एकदा, रेयॉनची एक लड पिवळी पडली, पुन्हा ठेवणार नाही. दोरा ओला करून बांधला की सुकल्यावर आवळतो, असाही एक समज आहे. चामड्याचं तसं होतं. सुताचं उलट होतं, पाण्यात दोरी आखडते आणि सुकली की पुन्हा सैल पडते. आमच्याकडे पावसात भिजलेली वाळत घालायची दोरी कशी तंग होते आणि उन्हात कशी झोळ खाते, ते आठवा.

दुकानातलं "रेशीम"

हे सगळं करूनही गळत असेल तर दोरा कोणता आहे ते पाहा. आपल्या बाजारात चकचकीत दोऱ्याला सरसकट रेशीम म्हणतात. त्यातलं बरचसं रेयॉन असतं, काही पॉलिस्टर. नाव विचारून उपयोग नाही, वीतभर धागा पेटवून बघा, पाण्याची वाटी जवळ ठेवून. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख आली तर सूत किंवा रेयॉन. वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. केस जळाल्यासारखा वास आला तर खरं रेशीम किंवा लोकर. वितळलेला थेंब बोटावर पडला तर चांगलाच चटका बसतो, म्हणून चिमट्यात धरा.

पॉलिस्टर निघालं तर गाठ दुहेरी पिळाची आणि मान सुती, एवढं पाळायचं. टोकं उसवत असतील तर अगरबत्तीने हलकेच डागली की बंद होतात. रेयॉन निघालं तर ओलं असताना त्याला हात लावू नका. सूत ओलं झालं की मजबूत होतं, रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं. गोंडा धुऊन लगेच कंगवा फिरवला आणि तुटक्या तंतूंचा पुंजका कंगव्यात आला, ही तक्रार त्यातलीच. इथे लांबी मोजली तर कुठलाच हिशेब लागत नाही, सगळे तुकडे वेगवेगळे. वाळू द्या, मग विंचरा. आणि प्लास्टिकच्या कंगव्यापेक्षा लाकडी फणी बरी. आपल्याकडच्या कोरड्या हवेत प्लास्टिक फिरवलं की पॉलिस्टरची झालर झाडूसारखी फिसकारते.

बैलासाठी मी आता अॅक्रिलिकची लोकर वापरते. रंग सहसा सुटत नाही, भिजली तरी लवकर वाळते, थोडी केसाळ असल्यामुळे मानेत धरूनही राहते. तिला फक्त वाफ दाखवू नका. रेयॉनचे वाकडे पाय किटलीच्या वाफेने सरळ होतात, अॅक्रिलिक मात्र वाफेने लुळं पडतं आणि पुन्हा उभं राहत नाही.

गोंदाचं काय?

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच: मानेला गोंद लावला तर? लावू नका असं मी म्हणत नाही, पण गोंद हा उपाय नाही, पांघरूण आहे. पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो आणि तो बाहेरच्या धाग्यांनाच लागतो, मधल्यांपर्यंत पोचत नाही. आणि गळतात ते मधले. सेकंदात चिकटणारा गोंद तर सुती धाग्यावर ओतूच नका. सुतावर तो झपाट्याने वाळतो आणि वाळताना चांगलाच तापतो, बोटाला भाजू शकतं. वर मान पांढरी पडते ती वेगळीच.

रंग सुटण्याची तक्रार गळतीपेक्षा कमी येते, पण लाल, काळा आणि राणी रंग घ्याल तेव्हा आधी ओल्या पांढऱ्या चिंधीत धागा दाबून वरून इस्त्री फिरवा. चिंधीला डाग आला तर लड गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो ही आमच्याकडची फार जुनी समजूत. मीठ रंगवतानाच्या भांड्यात कामाला येतं, बाजारातून रंगवून आलेल्या दोऱ्यावर नाही.

पुठ्ठा वाकतो

एक बारीक गोष्ट राहिली. गळती नाही, पण झालर खाली कायम उतरती येते, कितीही कापली तरी. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर गुंडाळताय का? चाळीस-पन्नास वेढ्यांच्या ताणाने तो मधे वाकतो आणि नंतरचे वेढे आखूड पडतात. लाकडी पट्टीचा तुकडा किंवा जाड प्लास्टिकचं झाकण घ्या. हिशेब असा: आठ सेंटिमीटरच्या पट्टीवर एक वेढा सोळा सेंटिमीटर खातो. अँकर कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याची लड आठ मीटरची आणि सहा तारांची. लूप आणि मान यांसाठी नव्वद सेंटिमीटर बाजूला काढलं की चव्वेचाळीस वेढे होतात, म्हणजे अठ्ठ्याऐंशी पाय. ब्लाउजच्या लटकनाला एवढं भरपूर झालं. एका जोडीतल्या दोन्ही गोंड्यांचे वेढे मोजूनच घ्या. नाहीतर एक लठ्ठ आणि एक रोड अशी जोडी पाठीवर लोंबते आणि मग सगळ्यांचं लक्ष तिथेच.

आधीच केलेल्या गोंड्याचं काय करायचं

नानांचा गोंडा मी उसवला नाही. पुन्हा करायचा म्हणजे धागे आणखी आखूड झाले असते. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला घोड्याचा एक गोंडा मी पूर्वी कुतूहलाने उसवून पाहिला होता. दत्तजयंतीला तिथे घोड्यांच्या साजाची दुकानं लागतात, तिथला. त्याची मान नुसती गुंडाळलेली नव्हती, सुईने आरपार ओवलेली होती. तेच केलं. मेण लावलेला दुहेरी दोरा आणि लांब सुई. मानेच्या वेढ्यांखालून सुई घालून डोक्याच्या दुसऱ्या बाजूला काढली, पुन्हा उलट, मग गोंडा पाव वळसा फिरवून तसंच. वरून पाहिलं तर डोक्यात फुली पडायला हवी. चार टाके झाले की मधला धागा ओढून पाहिला, हलला नाही. मग नवी मान त्याच जागी. आणि त्यानंतरच लांब लोंबणारे धागे कापले. हा क्रम उलटा करू नका.

गोंडा जरा रोडावला, पण पुढच्या पोळ्यापर्यंत टिकला.

या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, नाना परत आले. गोंड्याबरोबर यंदा त्यांनी काड्यापेटी आणली होती, आत गळलेले धागे नीट घडी करून ठेवलेले. मला कौतुक वाटलं. मी पट्टी काढली. एक पाच सेंटिमीटर, एक सात, एक तीनच. कडी मिटलेली, घडी शाबूत, मान ओढली तर ढिम्म. मी दोनदा मोजले. टोकं ओली होऊन वाळल्यासारखी चिकटलेली आणि दबलेली होती.

"नाना, बैल कुठं बांधता?"

गोठ्यात, खुंट्याला खुंटा लागून. जोडीतला दुसरा, सर्ज्या, रात्री शेजाऱ्याचा गोंडा चघळत होता. आता गोंडा डाव्या शिंगावरून उजव्या शिंगाला नेलाय.